मालक किती माणसं कामावर घेतो? गिरणीच्या दारापासून उसाच्या फडापर्यंत



आमच्या कळंबमधल्या एका अभ्यासिकेत मी अधूनमधून जात असते. राज्यसेवेची तयारी करणारी आपली बरीच मुलं-मुली तिथे बसतात. मागे एकदा त्यातल्या एका मुलाने अर्थशास्त्राचं पुस्तक माझ्यासमोर उघडून ठेवलं. त्याचे आईवडील दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. तो म्हणाला, "ताई, यात लिहिलंय की स्पर्धा असेल तर मालक फक्त हिशेब बघतो. जात बघणारा मालक तोट्यात जातो. मग माझ्या आईबापाला आयुष्यभर कोयत्याशिवाय दुसरं काही का मिळालं नाही? पुस्तक खोटं आहे का?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. "पुस्तक मनुवादी आहे" असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं, पण बाबासाहेबांनी आपल्याला तसं शिकवलेलं नाही. ते स्वतः अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेव्हा जॉन बेट्स क्लार्क तिथेच प्राध्यापक होते. मालक किती कामगार घेतो आणि मजुरी कशी ठरते, याचा सिद्धांत पुढे आणणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांमध्ये क्लार्क यांचं नाव पहिल्या रांगेत येतं. ज्या शास्त्राच्या घरात बाबासाहेब वावरले ते शास्त्र आपण न वाचताच फेकून देणार असू, तर नुकसान आपलंच आहे. म्हणून आधी पुस्तक काय म्हणतं ते नीट समजून घेऊ.

पुस्तकातला हिशेब

समजा, एक डाळमिल आहे. चार माणसं कामावर आहेत. पाचवा माणूस घेतला तर दिवसाला आठ पोती माल जास्त निघतो. कच्चा माल, वीज वगैरे सगळा खर्च वजा जाता एका पोत्यामागे मालकाला ८० रुपये सुटतात, म्हणजे पाचव्या माणसामुळे ६४० रुपये वाढतात. रोजची मजुरी ५०० असेल तर मालक त्याला घेईल. सहाव्या माणसामुळे मात्र सहाच पोती वाढतात, कारण यंत्र तेवढंच आणि जागाही तेवढीच. सहा पोत्यांचे होतात ४८०. मजुरी ५०० असल्यामुळे सहावा माणूस दारातच उभा राहील. मजुरी ४०० झाली तर तोही आत येईल.

याला सीमांत उत्पादकता म्हणतात. शेवटच्या माणसाने केलेली वाढ आणि त्याची मजुरी जिथे जुळते तिथे मालक थांबतो. बाजारात असे शेकडो मालक असतील आणि कोणा एकाच्या हातात मालाचा भाव किंवा मजुरीचा दर नसेल, तर त्याला पूर्ण स्पर्धा म्हणतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ साली याच विचाराला पुढची पायरी जोडली. केवळ द्वेषापोटी चांगला कामगार नाकारणारा मालक जास्त मजुरी मोजतो, म्हणून स्पर्धेत तो मागे पडायला हवा, असं ते मांडणं होतं.

हिशेब म्हणून यात चूक नाही. पण हा हिशेब सुरू होण्याआधीच तीन गोष्टी ठरलेल्या असतात. दारात उभं राहण्याची परवानगी कोणाला आहे? काम नसलेल्या दिवसाचा खर्च कोण सोसतो? आणि मजुरी पटली नाही तर "नाही" म्हणून घरी जाण्याची सोय कोणाकडे आहे? या तीन प्रश्नांची उत्तरं पुस्तकात सापडत नाहीत, ती आपल्या इतिहासात सापडतात.

मजुरी शून्य असेल तेव्हा

कळंबपासून फार लांब नसलेल्या कसबे तडवळे येथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब तिथे आले होते. आपण दर वर्षी तो दिवस साजरा करतो, हारफुलं वाहतो. पण परिषदेचा विषय काय होता, हे किती जणांना सांगता येईल? विषय होता वतन, म्हणजे गावकीचं बांधील काम.

वतनात महाराने सरकारी सांगावा पोचवायचा, साहेबाचं सामान वाहायचं, गावाची राखण करायची, मेलेली जनावरं ओढायची. मोबदला काय? थोडी इनाम जमीन आणि घरोघरचं बलुतं, तेही गावाच्या मर्जीवर. डाळमिलचा हिशेब इथे लावून बघा. जास्तीच्या माणसाला काहीच द्यावं लागत नसेल तर मालक कुठे थांबेल? त्याच्याकडून काही म्हणजे काहीच मिळेनासं होईल तिथे. म्हणून एका निरोपासाठी अख्खा माणूस दिवसभर चालायचा आणि एका घरच्या कामासाठी अख्खं कुटुंब राबायचं. फुकट मिळणाऱ्या श्रमाची कोणी काटकसर करत नाही. महारांच्या वतनाबाबत बाबासाहेबांनी १९२८ पासून मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक लावून धरलं, त्यामागे स्वाभिमान तर होताच, शिवाय हा रोकडा हिशेबही होता. वतनात बांधलेला माणूस बाजारात आपल्या श्रमाची किंमत मागूच शकत नव्हता.

विणाई खात्याचं बंद दार

वतन सोडून आपले लोक मुंबईला गेले. तिथे कापडगिरण्या होत्या, एक-दोन नव्हे, ऐंशीच्या आसपास. मालक वेगवेगळे होते. एकमेकांशी स्पर्धा, शिवाय लँकेशायर आणि जपानच्या कापडाशी स्पर्धा. पुस्तकातल्या स्पर्धेच्या जवळ जाणारं काही आपल्या महाराष्ट्रात घडलं असेल तर ते इथे. मग जात तिथे विरघळली का?

नाही. अस्पृश्य कामगारांना सूतकताईकडच्या खात्यांत, कमी पगाराच्या कामांवर घेत. जास्त पगाराच्या विणाई खात्याचं दार त्यांना बंद होतं. कारण काय सांगत? धोट्यातली कांडी संपली की विणकराला नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं सवर्ण विणकर म्हणत.

१९२८ च्या एप्रिलमध्ये मोठा संप सुरू झाला. मालकांना तेवढंच कापड कमी माणसांत काढायचं होतं. दोन मागांऐवजी तीन माग एकाने सांभाळायचे, सूतकताईत एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या, अशी ती योजना होती. किती माणसं घ्यायची, हाच या संपाचा गाभा होता. सुमारे दीड लाख कामगार ऑक्टोबरपर्यंत बाहेर होते. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं की विणाई खातं अस्पृश्यांना खुलं करण्याची मागणी घाला, नाहीतर आमचे लोक पाठिंबा देणार नाहीत. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घातली. पुढे मालकांनी ती हसण्यावारी नेली. हा अन्याय असेल तर निदान तो आमचा नाही, असं ते म्हणाले. तो कामगारांचा कामगारांवर अन्याय होता.

इथे थांबून विचार करा. बेकर यांच्या मांडणीप्रमाणे एखाद्या हुशार मालकाने अस्पृश्य विणकर घेऊन फायदा उठवायला हवा होता. कोणी का उठवला नाही? कारण एक अस्पृश्य मागावर बसवला तर शेकडो सवर्ण विणकर माग सोडून उठण्याची भीती होती. एका माणसाच्या कामातून मिळणारा लाभ एका बाजूला आणि अख्खं खातं बंद पडण्याचा तोटा दुसऱ्या बाजूला. मालकाने हिशेबच केला आणि हिशेबानेच जात पाळली. स्पर्धेने अस्पृश्यता मोडली नाही, कारण अस्पृश्यता मोडण्याची किंमत ज्या एका मालकाला मोजावी लागली असती तो स्पर्धेत पडला असता.

दुसरा परिणाम याहून खोल आहे. एका समाजाला चांगल्या खात्याचं दार बंद केलं की ती सगळी माणसं उरलेल्या खात्यांच्या दारात गर्दी करतात. गर्दी वाढली की शेवटच्या माणसाने केलेली वाढ घटते आणि मजुरी खाली राहते. तिकडे विणाईत माणसं मोजकी राहिल्यामुळे त्यांचा भाव टिकतो. मग पुस्तक वाचणारा म्हणतो, "ज्याचं काम कमी मोलाचं त्याला मजुरी कमी, यात जात कुठे आली?" जात एक पायरी आधीच आली, दार बंद केलं तेव्हा. १९३६ च्या "जातिसंस्थेचे निर्मूलन" या पुस्तकात जात कामासोबत काम करणाऱ्या माणसांनाही तोडते आणि त्यांच्यात उतरंड लावते, असं बाबासाहेबांनी सांगितलं. गिरणीतला हा अनुभवही तेच सांगतो.

खासगी मालकांची स्पर्धा नव्हती तिथेही चित्र वेगळं नव्हतं. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. रेल्वेत आपल्या माणसाला रुळांवरच्या गँगमध्ये घेत, पण स्टेशनवर हमाल म्हणून घेत नसत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करावं लागे. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं बाबासाहेबांनी याच परिषदेत सांगितलं. आपले काही मित्र पहिलाच शत्रू बघतात, काही डावे मित्र दुसराच बघतात. विणाई खात्याची गोष्ट सांगते की दोघांचा हिशेब एकाच वहीत लिहिलेला असतो.

बदली: रिकाम्या दिवसाचा खर्च कोणावर?

गिरणीत आणखी एक रीत होती. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी बदली कामगार घेत. सकाळी गिरणीच्या दारात बदल्यांची गर्दी उभी असे. जॉबर त्यातले लागतील तेवढे आत घेई, बाकीचे घरी परत. जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. उभं राहिलेल्या दिवसाचे पैसे नाहीत. ही गर्दी इतकी वाढली की १९३५ मध्ये गिरणीमालक संघाला बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणावी लागली.

पुस्तकात मालक "किती माणसं घ्यायची" हे ठरवताना प्रत्येक माणसाची मजुरी मोजतो. बदलीच्या रीतीत वाट बघणाऱ्या माणसाची मजुरी शून्य असते, म्हणून मालकाला हव्या त्यापेक्षा जास्त माणसं दारात ठेवणं परवडतं. वतनातलं फुकटचं राबणं शहरात असं वेगळ्या रूपात जिवंत राहिलं.

कोयत्याचा हिशेब

आता आपल्या फडावर येऊ. समजा, कारखान्याची गाळप क्षमता रोज ५,००० टन आहे. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते. म्हणजे २,५०० कोयते, ५,००० माणसं पाहिजेत. कारखाना तेवढेच करार करील का? गाळप एक दिवस थांबलं तर मोठा तोटा होतो. जास्तीचा कोयता आणला तर काय खर्च? पैसे टनावर मिळतात, दिवसावर नाही. गाडी उशिरा आली, पाऊस पडला, ऊस कमी मिळाला, तर तो दिवस कोयत्याचा बुडतो. म्हणून जास्तीचे कोयते ठेवणं कारखान्याला स्वस्त पडतं. बदलीचाच हा हिशेब आहे, फक्त इथे दारात नवरा-बायको, पोरंबाळं आणि पालाची झोपडीही असते.

दर कसा ठरतो? प्रत्येक कारखाना वेगळा दर देत नाही. साखर संघ आणि कामगार संघटना बसून राज्याचा एकच दर ठरवतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन टनाला सुमारे २७३ रुपयांचे ३६६ रुपये झाले आणि मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्के झालं. दोन टनांचे झाले ७३२ रुपये. ते दोन माणसांचे, पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंतचे. उसासाठी एकमेकांशी झगडणारे कारखाने मजुरीच्या टेबलावर एक असतात. त्यातही दोन कारखान्यांत २५ किलोमीटरचं हवाई अंतर ठेवण्याचा नियम राज्याने केला आहे. म्हणजे मालकाला स्पर्धेपासून थोडं संरक्षण आहे, मजुराला कसलंच नाही.

कोणी म्हणेल, तोडणी मजूर मिळत नाहीत म्हणून कारखाने मुकादमांच्या मागे फिरतात, मग स्पर्धेचा फायदा मजुराला होतच असेल ना? ही स्पर्धा दिसते ती उचलीत. टोळ्या कमी पडल्या की उचल वाढते. पण उचल मजुरी नसते, ते कर्ज असतं. दर वाढला असता तर मजुराच्या हातात पैसा राहिला असता. उचल वाढली की मजूर जास्त दिवस बांधला जातो. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे. स्पर्धेने वाढवलेला पैसा साखळी होऊन पायात पडतो.

आणि बाई? "कोयता" म्हटलं की त्यात ती अर्धी असते, पण करारात, हिशेबाच्या वहीत नाव नवऱ्याचं. ती आजारी पडली तर खाडा आणि खाड्याचा दंड. पाळीचे दिवस, गरोदरपण, बाळंतपण यांचा सगळा खर्च तिने सोसायचा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या निमित्ताने शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कामाचा एक दिवस वाचवण्यासाठी शरीरातला अवयव गमवावा लागतो, तेव्हा "मजुरी उत्पादकतेइतकी असते" हे वाक्य कोणत्या तोंडाने म्हणायचं? १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाईच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकाला जबाबदारीतून सुटता येणार नाही, असं बाबासाहेब म्हणाले होते. जवळपास शंभर वर्षं झाली. फडातल्या बाईपर्यंत ती रजा पोचलेली नाही.

"नाही" म्हणण्याची ताकद

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं मूळ. त्याच्या आईबापाला दुसरं काम का मिळालं नाही?

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरावर ठरत नाही, त्यावर लागणारं भांडवल आणि माणसं यांच्या प्रमाणावर ठरतं, असं त्यांनी त्यात मांडलं. आपल्याकडे जमिनीवर माणसं जास्त आहेत आणि भांडवल कमी, म्हणून बरीच माणसं शेतीवर नुसती बसून आहेत. जमिनीचे तुकडे जोडून हे सुटणार नाही, या माणसांना उद्योगांत काम मिळालं पाहिजे, असा त्यांचा उपाय होता. डाळमिलच्या भाषेत सांगायचं तर सहावा, सातवा, आठवा माणूस गावातच अडकून पडला आहे.

कळंब तालुक्यात हे आजही डोळ्यांना दिसतं. सोयाबीन निघालं की गावात काम नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ज्या गावात वेळेवर काम निघतं आणि पैसे मिळतात, तिथला माणूस मुकादमाशी बोलताना जरा ताठ बोलतो. हेच गायरानाचं. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या लढ्यापासून मराठवाड्यात आपल्या लोकांनी गायरानं कसली, मार खाल्ला, केसेस अंगावर घेतल्या. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा सरकारी निर्णय झाला, तरी सातबाऱ्यावर नाव लागायला माणसं आजही तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. दोन एकर गायरान हे पोटापुरतंच असतं, पण तेवढ्यावर माणूस उचल नाकारू शकतो. १९४७ च्या "राज्ये आणि अल्पसंख्याक" मध्ये बाबासाहेबांनी हेच बजावलं होतं. ज्याच्या पोटाला आधार नाही त्याला काम मिळवण्यासाठी आपले हक्क सोडून द्यावे लागतात, आणि सरकार बाजूला झालं की मालकाची हुकूमत उरते.

शिकलेल्यांनी आपण यातून सुटलो असं समजू नये. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांना सारख्या शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश निघाली. धोटा गेला, आडनाव राहिलं.

मग मागायचं काय?

पुढे हार्वेस्टर येतो आहे. सरकार त्याला अनुदान देतं, म्हणजे यंत्र स्वस्त होतं आणि कोयत्यांची गरज घटते. १९२८ च्या मागांचाच प्रश्न पुन्हा आपल्या दारात आला आहे. यंत्राला दगड मारून तो सुटणार नाही आणि कोयता वाचवणं हेही आपलं ध्येय असू शकत नाही. कोयता सुटावाच, पण सुटणारा माणूस रिकाम्या हातांनी गावात येऊन पडू नये.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. बाईची नोंद आणि मजुरी तिच्या स्वतःच्या नावावर. काम न मिळालेल्या दिवसाचा खर्च कारखान्यावर, म्हणजे गरजेपेक्षा जास्त टोळ्या आणून ठेवणं महाग पडेल. उचलीचा लेखी हिशेब. गावात वेळेवर रोजगार हमीचं काम. गायरानाचा सातबारा. आणि यंत्राला अनुदान मिळत असेल तर ज्याचं काम जातं त्याच्या पोरांच्या शिक्षणाला आणि नव्या कामाला त्याच तिजोरीतून पैसा.

त्या मुलाला मी शेवटी सांगितलं, "पुस्तक खोटं नाही रे, ते मधूनच सुरू होतं. परीक्षेत पुस्तकातलं उत्तर लिही आणि पास हो. पण अधिकारी होऊन फाईल हातात येईल तेव्हा तिच्यात पहिलं पान लाव. कोणाला दारात उभंच राहू दिलं नाही, ते त्या पानावर लिहायचं असतं."

तो हसला आणि परत पुस्तकात डोकं घातलं. त्याचे आईवडील तेव्हा फडावर होते.

जय भीम! जय संविधान!